बादलीला दात नसतात

रंगाची वीस लिटरची बादली, बुडाला सोळा भोकं,
ग्रिलच्या कोपऱ्यात. मुलुंड, तिसरा मजला.
नियम हौसाबाईंनी घालून दिले.

दोडक्याच्या शिरा चालतील. दुधीची सालं, मटारची टरफलं,
मेथीच्या काड्या, पण बारीक करा ताई,
बादलीला दात नसतात.
फ्लॉवरचा दांडा अख्खा टाकलात
तर दिवाळीला तसाच भेटेल.
कांद्याची सालं मूठभर. लिंबाची त्याहून कमी,
आंबट फार झालं की आतले किडे रुसतात.
चहाचा चोथा धुऊन,
नाहीतर साखरेच्या वासाने मुंग्यांची वरात.
तेलातली भाजी नको, दहीभात नको,
बोंबलाची डोकी तर नकोच नको.
आणि ओल्यावर सुकं. वाळकी पानं, पुठ्ठा, काहीही.
‘‘नुसतं ओलं ठेवलं की वास मारतो.’’

मी कागद लिहून फ्रिजवर चिकटवला.
शब्द त्यांचे, अक्षर माझं.

ऑगस्टमध्ये चांदीचा चमचा हरवला,
ओवीच्या बारशातला, टोकाला मोर.
मी काही बोलले नाही.
फक्त तेच डबे पुन्हा उघडले, त्यांच्यादेखत.
फक्त विचारलं, तुम्ही कुठे पाहिलात का.
संध्याकाळी परत विचारलं.
त्यांनी ओटा पुसला, फडकं पिळून दोरीवर टाकलं.
महिन्याचे अकरा दिवस भरले होते,
त्याचे पैसे न मागता गेल्या.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात.
बादलीची तीन महिन्यांत फिटली.
रविवारी पिठाची जुनी चाळण घेऊन बसले:
काळं, मोकळं, बोटांना न चिकटणारं.
चाळणीत उरलं ते
सीताफळाच्या बिया, पालकाच्या जुडीचा रबरबँड,
सफरचंदावरचा स्टिकर, नवाच्या नवा,
आणि चमचा.
मोरासकट काळा.

ओवीच्या वाटीतला उकडलेला भोपळा
मीच उपडा केला असणार, घाईत.
तेल नव्हतं त्यात, मीठही नाही.
नियमात बसत होतं.

चिंच लावून घासला. मोर निघाला, मान राहिली काळी.
मग फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला.
मागे कुणाच्या तरी घरातला मिक्सर.

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या,
‘‘झालं का खत? वास नाही ना येत?’’

नाही, म्हटलं.
मिक्सर थांबला.
त्या अजून फोनवर होत्या.