चार ओहम

सावद्याच्या बसस्टँडमागे, केळीच्या वखारीला लागून
मुराद तडवीचं दुकान. पत्र्याखाली सेहेचाळीस डिग्री.
फेगड्यांचा टेनू बोलेरो घेऊन आलेला,
मागच्या सीटमागे बारा इंची दोन वूफर, प्रत्येकाला दोन कॉइल,
आणि एकच म्हणणं :
"भो, फैजपूरपर्यंत गेलं पाह्यजे."

मी मीटर लावला. तीन पॉइंट सहा.
"खोक्यावर तर चार लिहिलंय."
मुरादभाई हसले. "बसलेल्या माणसाचा विरोध
आणि चालत्या माणसाचा विरोध एक नसतो. चार धर."

मागच्या आठवड्यात टेनूने घरीच
सगळी लाल टोकं लालला, काळी काळ्याला जोडली होती.
म्हणजे एक ओहम. चारही दारं सताड उघडी,
आणि ॲम्प्लिफायर दोनच्या खाली न झेपणारा.
निंभोऱ्याच्या फाटकावर, मालगाडी जात असताना,
ठोका आला, दुसरा आला,
तिसरा आलाच नाही.
तांबडा दिवा, आणि जळक्या वार्निशचा वास
जो हळदीच्या सदऱ्यातून अजून निघालेला नाही.
दुरुस्तीला अडीच हजार.

"मग दोन कर ना. बरोब्बर दोन."
दोन होत नाही.
चौघींना सारखी वाटणी द्यायची
तर सोळा होतात, एक होतो, नाहीतर चार.
मी केळीच्या वजनपावतीमागे मांडून दाखवलं.
टेनूने पावती उलटीसुलटी करून पाहिली.

मग एकेका वूफरच्या पोटात
एका कॉइलचं शेपूट दुसरीच्या तोंडात दिलं : आठ.
आठाशेजारी आठ उभे केले : चार.
दुपारभर चार कॉइलींशी झटून
उत्तर तेच, जे एकटीचं होतं.
टेनूला ही फसवणूक वाटली.
मला आयटीआयच्या दोन वर्षांत
इतकं नेटकं काही कोणी दाखवलं नव्हतं.

"आवाज कमी येईल काहून?"
"येईल थोडा. पण येत राहील."

मुरादभाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही,
उजव्याचाही भरवसा नाही.
त्यांनी चपला काढल्या, तापल्या फरशीवर उभे राहिले,
मला बोटाने खुणावत गेन चढवायला लावला.
वखारीत घड मोजणारा आकडा विसरला, शिवी हासडली.
माठावरचं झाकण वाजू लागलं.
"बस. पायात आलं."

टेनू गेला. कालव्याच्या वळणापर्यंत
मला ऐकू येत होतं, मग नाही.
मी सोल्डरची गन बंद करायला वळलो.
ते अनवाणीच उभे, डोळे मिटून.
"थांब," म्हणाले, "अजून आहे."