शेऱ्याचा रकाना

सकाळी सव्वासात. करमळीचं तळं, रुळांकडचा बांध.
मी, फळीला लावलेला तक्ता, पेन्सिल
आणि खात्याची दुर्बीण, जिचा डावा डोळा धुरकट.
थंडी म्हणजे आमच्याकडे नुसता ओला वास,
शेवाळाचा, कुजलेल्या कमळदेठांचा.

अडया सोप्या. गवताच्या कडेला बसून
हजेरी दिल्यासारख्या शिट्ट्या मारतात.
तलवार बदकं डोकं चिखलात घालतात,
पण ढुंगण वर राहतं,
आणि ढुंगण मोजता येतं.

लालसऱ्यांचं तसं नाही.
चोपन्न म्हणेपर्यंत सत्तेचाळीस,
सत्तेचाळीस लिहावं तर मधूनच
बुचासारखी एक वर उसळते,
चोचीत काळं काहीतरी,
डोक्यावरून पाणी घरंगळतं
आणि डोकं कोरडंच.

बुडण्याआधी ती पिसं आवळते, अंगातली हवा सोडते,
आणि खाली जाण्यासाठी
किंचित वर उडी घेते.

ही उडी मला ठाऊक आहे.
बाबुसो गावडे, दिवाडीच्या मानशीवरचा माणूस,
माझा बाप,
असाच आधी वर उचलला जायचा,
मग टाचा,
मग काहीच नाही.
तळाची फळी निसटली की भरतीचं खारं शेतात शिरे;
ती काळोखात, बोटांनी, परत खाचेत बसवायची.
आई कंदील धरून. मी सहा वर्षांची,
माझं काम मोजायचं.
एकोणीस, वीस... अठ्ठावन्न.
शाळेत शंभरपर्यंतच झालं होतं.
शंभर संपले तर पुढे काय म्हणायचं,
याचीच मला भीती.

एकदा त्र्याण्णवला वर आला.
हातात भलामोठा खेकडा.
आई त्याला घर येईपर्यंत बोलत होती.
खेकडा मात्र तिने चुलीवर ठेवला.

आता त्याचा एक कान पाण्याने नेलाय.
संध्याकाळी सोप्यावर बसून विचारतो,
"कितलीं?"
मी ओरडून सांगते, एकावन्न.
"आनी सकयल?"

तक्त्यात जात आहे, संख्या, वेळ, शेरा.
शेऱ्यात मी दरवर्षी लिहिते: काही पाण्याखाली.
दरवर्षी पणजीत कुणीतरी ते खोडतं.

आठ वाजून गेले. गाडी येते.
अडया एकदम उठतात, चादर झटकावी तशा.
लालसऱ्यांना ते जमत नाही;
जड अंगाच्या त्या, पाण्यावरून धावतात,
थप थप थप, पाय मागे ओढत,
कशाबशा हवेत जातात,
चोडणच्या दिशेने.

डबे मोजायची सवय नाही मला.
गाडी जाते. पाणी हलतं, थांबतं.
सगळं तळं रिकामं
आणि मी पेन्सिल खाली ठेवत नाही.

अकरा, बारा, तेरा,

कमळाच्या पानांपलीकडे एक.
मग दोन. मग तीन एकदम.
वर येऊन इकडेतिकडे बघतात.