कूलर बंद केल्यावर

बिल आलं दोन हजार तीनशे चाळीस.
घरात आम्ही तिघं, त्यातला एक पुण्याला.
यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं रात्री उठून मीच कन्हान पिऊन आले.

मानेवाड्यातला मे. सेहेचाळीस.
आधी सगळा आळ कूलरवर गेला:
तोच घटाघटा पितो, तोच गळतो,
खिडकीखालचे पोपडे त्याचेच.
तो घुरघुरत राहिला, उलटून बोलला नाही.

मग तुळशीराम खापेकर आला, सायकलला पाने बांधून.
नळ बंद, टाकीचा कॉक बंद.
मीटरपाशी उकिडवा बसला.
काचेआड एक लाल चांदणी, ज्वारीच्या दाण्याएवढी,
फिरतच होती.
"घरात कोणी पाणी वापरून नाही राहिलं न, बाई?"
नाही.
"मंग हे कोण वापरून राहिलं?"

भिंतीला कान लावला त्यानं, आणि हात जोडले:
"कूलर बंद करा न जी. ऐकूच येऊन नाही राहिलं."

दुपारचे तीन. पंखा थांबला
आणि घर उघडं पडलं.
घड्याळ. फ्रिजचं कण्हणं.
आणि खुर्चीत बसलेल्या यांचा श्वास,
आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजणारा.
हा कधीपासून?
तुळशीराम स्टीलचा पेला भिंतीवर सरकवत
मोरीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारात गेला.
थांबला. वर पाहिलं.

माझा कढीपत्ता.
भर उन्हाळ्यात हिरवागार, छपरापर्यंत गेलेला.
सगळी गल्ली पानं न्यायची,
"तुमच्या हातालाच गुण आहे," म्हणायची,
आणि मीही, खोटं कशाला बोलू,
हाताकडे पाहून घ्यायची.

"तुमचं पाणी तर हा पिऊन राहिला, बाई."

दोन फरश्या फुटल्या. गंजका तुकडा निघाला,
त्याला सुईएवढं भोक.
चांदणी थांबली.

परवा ढोमणेबाई वाटी घेऊन आल्या.
"काऊन जी, पानं पिवळी पडून राहिली?"
ऊन, मी म्हटलं.

आता रात्री निजानीज झाली
की मी मिनिटभर कूलर बंद करते.
अंधारात हे विचारतात, आता काय गळतंय?
काही नाही म्हणते. झोपा.
उद्या डॉक्टरकडे जाऊ.