एक फर्मा कमी

वडील बाइंडर. शुक्रवार पेठेत, तालमीच्या बोळात,
मुळ्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं शिलाई.
फर्मा म्हणजे सोळा पानं, हे मला
बाराखडीच्या आधी कळलं.
बिघडलेल्या प्रती घरी यायच्या,
कुणी उलटी बांधलेली, कुणाच्या कडेला अक्षरंच कापलेली.
त्यातलंच हे एक, कुत्र्याचं.
बर्फातला कुत्रा, घसरगाडी ओढणारा.

पान एकशे चव्वेचाळीस. रात्र. शेकोटीत शेवटचं लाकूड.
माणूस पेंगतोय. अंधारात डोळे,
आधी दोन, मग मोजता येईनात इतके.
कुत्रा उठून उभा राहतो आणि

पान एकशे एकसष्ट. नदीवरचं बर्फ फुटलंय,
कुत्रा एकटा चाललाय, उजवा कान अर्धा.
माणसाचं नावसुद्धा नाही पुढे कुठे.

"मधे काय झालं?"
वडील बोटांवरची सुकलेली खळ सोलत म्हणायचे,
"छापलं असेल की. आपल्याकडे आलं नाही."

खळ मैद्याची. मोरचूद घालायच्या आधी
वाटीभर बाजूला निघायची, आमच्या कुत्र्यासाठी.
त्यावरच वाढला, म्हणून खळ्या.
बोळात महापालिकेची गाडी फिरू लागली त्या उन्हाळ्यात
वडिलांनी त्याला कागदाच्या टेंपोत घातलं,
दिवेघाट चढून, सासवड ओलांडून,
पिसर्व्याच्या माळावर कोळप्यांच्या मेंढरांत सोडलं.
येताना रिकामी साखळी घेऊन आले,
ती खिळ्याला टांगली, कुणाकडे न बघता.

तो परत आला.
सोळा दिवसांनी, असं लिहायला बरं वाटलं असतं.
मोजले नव्हते. चौदा असतील, एकवीस असतील.
पहाटे, नळ यायच्या वेळेला, दारात.
अंगभर कुसळं, कानामागे गोचिडांचे घोस,
आणि एक वास, आमच्या पेठेतला नसलेला.
खळीची वाटी हुंगली आणि सोडली.
भोंगा वाजला की बोळातली सगळी कुत्री रडायची,
पूर्वी त्यांत ह्याचाच सूर वरचा.
आता नुसता ऐकायचा,
दुसऱ्याच्या घरचं पत्र मोठ्याने वाचलं जावं तसा.

दिवाळीत सुदाम कोळपे घोंगड्या विकायला आले.
उंबऱ्यात बसून चहा बशीत ओतत म्हणाले,
"तिसऱ्या राती लांडगी आली वाघरीपाशी.
तुमचं बेणं भुकलंच न्हाई.
शेपूट ना वर, ना पायांत. गेलं तिच्या मागं."
"मग?"
"मग मला काय ठावं, पोरी?
मी मेंढरं मोजीत व्हतो. एक कमी भरलं."

परवा अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे,
जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती प्रत सापडली. अख्खी.
चाळीस रुपये. दुकानाच्या बल्बखाली उभ्यानेच
एकशे पंचेचाळीस उघडलं.
पेंगणाऱ्या माणसाला त्याचं गाव आठवतं.
बापाचं कर्ज, विकलेली गाय,
मोडलेलं लग्न, सुताराशी झालेलं भांडण.
सोळाच्या सोळा पानं.
कुत्र्याचा शब्द नाही. लांडग्यांचा नाही.
एकशे एकसष्ट होतं तसंच,
नदी फुटलेली, कान अर्धा.

म्हणजे ती रात्र लेखकानेही पाहिली नव्हती.
तोही आपली मेंढरं मोजत बसला होता.

पैसे दिले. पुस्तक घेतलं.
वडिलांना सांगायला हवं होतं, पण ते नाहीत,
आणि पिसर्व्याच्या माळावर म्हणे
प्लॉटिंगच्या चुन्याच्या रेघा पडल्यात.

खळ्या त्यानंतर सहा वर्षं जगला.
दारातच झोपायचा, पाठ घराला, तोंड घाटाकडे.
झोपेत पाय हलायचे, चारी,
आधी सावकाश, मग जिवाच्या आकांताने.
वडील रात्रीचं काम घरी आणलेले असायचे.
ते सुई तशीच हातात धरून थांबायचे,
त्याचं पळून होईपर्यंत.