बायल्या

हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला
तेव्हा माझ्यासाठी नव्हता.
बहात्तरच्या दुष्काळात धाकट्या आज्यानं, सोपानानं,
बाळंतीण बायकोसाठी दोन कोसांवरून पाणी आणलं,
कावडीनं नाही, डोक्यावर, चुंबळ करून.
आधी पाणवठ्यावरच्या बायकाच हसल्या.
मग पार हसला.
मरेपर्यंत सातबाऱ्यावर सोपान, गावाच्या तोंडी बायल्या.

म्हणजे बाईल जपणारा.
एवढाच गुन्हा होता तेव्हा.

पुढं शब्द सैल झाला, कुणालाही बसू लागला:
भाकरी थापणाऱ्या हणमंताला,
साप बघून किंचाळलेल्या पोलीस पाटलाला,
एकदा तर जू टाकून बसलेल्या बैलालासुद्धा.

आठवीत तो माझ्या मापाचा शिवून आला.
लेझमीत माझं मनगट जरा जास्त वळलं.
बिरादार सर म्हणाले,
"काय बे बायल्या, कुणाच्या लग्नाला निघालालास?"
पन्नास पोरं हसली.
एकोणपन्नास. इरफान हसला नाही.

उदगीरच्या चौबाऱ्यात, हॉटेलात, दुसरा शब्द चालायचा: मीठा.
पोऱ्या विचारायचा, चहा कसा?
आणि शेजारचं टेबल खिदळायचं.
तीस वर्षं मी फिका चहा पितोय.
डॉक्टर म्हणतात, शाब्बास.

वाचनालयात एकदा जाडा कोश काढला.
कसर लागलेलं पान.
बायकी वळणाचा; भित्रा; बाईलवेडा.
चौथा अर्थ शोधला, मागंपुढं पानं उलटून.
पेन्सिल खिशात होती.
ग्रंथपाल बाई बघत होत्या.

मागच्या साली लातूरला एका खोलीत आम्ही सात जण.
त्यातलं विश्वंभर नावाचं बावीस वर्षांचं पोरगं
माझ्या खांद्याला खांदा घासून म्हणालं,
"चल गं बायल्ये, लई भूक लागली."
मी आधी दाराची कडी बघितली.
हसायला मला जिना उतरेपर्यंत वेळ लागला.

या उन्हाळ्यात नळाला बारा दिवसांनी पाणी.
इरफानच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं.
टँकरच्या रांगेतून मी घागर घेतली, डोक्यावर,
खाली त्याचाच टॉवेल गुंडाळून.
मागून कुणीतरी तोच शब्द टाकला.
मला वाटलं, आज्याला हाक मारतंय कोणी,
आणि मी ओ दिली.

अर्धी घागर जिन्यातच सांडली.
वर इरफान विचारतोय, काय झालं?