ऐंशीच्या पुढे

गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या अलीकडे,
टपरीसमोर ती उभी.
नाव जुनंच, इंजिन नवं, छप्पर दुमडलेलं.

बागुल म्हणाले, ऐंशीच्या पुढे वारा
मागून फिरून थपडा मारतो. जाळी बसवा.
कादरी म्हणाला, काचा वर घ्या की.
जुनीत असलं काही नव्हतं.
जुनी ऐंशी गाठायची कधी, म्हणत
बागुलांनी चहा बशीत ओतला.

तिदमेकाका गप्पच.
तीस वर्षं सातपूरला प्रेसवर,
डावा कान तिथेच राहिला.
त्यांना एक फेरी दिली
गिरणाऱ्यापर्यंत, द्राक्षबागांमधून.

उतरले तेव्हा टोपी नव्हती डोक्यावर.
डाव्या कानावर तळवा ठेवून म्हणाले,
जाळी नको रे.
इथे कुणीतरी
दार वाजवत होतं.