बंद पडलेला असल्यास

रणगाडा आपल्या पायांनी वर चढतो
तेव्हा काही प्रश्न नसतो.
चढणीचा कोन चौदा अंश,
चालक बेतानं आला की झालं.
माझी झोप खाते ती खालची ओळ :
'बंद पडलेला असल्यास'.

त्या एका ओळीसाठी विंच,
अंगठ्याहून जाड तारेचा दोर,
आणि पुढची ती बाकदार मान,
नकाशात हंसाची, पण बोरस्ते मिस्त्री
पहिल्या दिवसापासून म्हणतात सासूची,
कारण वाकलेली दिसते, वाकत नाही.

सात अ‍ॅक्सलवर भार वाटला मी
पंगतीत वाढावं तसा.
तरी तिसऱ्याच्या पाट्याला तडा.
बोरस्ते म्हणाले, "बाई, कागदावर रस्ता सपाट असतो.
गोंदे फाट्याला चला एकदा माझ्यासोबत."
गेले. कंबर धरून परत आले.
एक पाटा वाढवला.

नगरहून मेजर चेंगप्पा आले. चहा गार होऊ दिला.
वेग विचारला नाही, रंग विचारला नाही.
"ओढून घ्यायला किती मिनिटं?"
अठरा.
मग बराच वेळ खिडकीबाहेर,
जिथं फक्त जिंदालचे पत्रे रचलेले होते.
"आणि आत माणसं असली तर?"

मी वही उघडली. तिघं, फार तर चौघं.
साठ टनांत अडीचशे-तीनशे किलो. अर्धा टक्का.
"हिशोबात येत नाही," मी म्हणाले,
आणि म्हणून झाल्यावर ऐकलं.

शनिवारी चाचणी.
रणगाड्याच्या जागी काँक्रीटचे ठोकळे,
अंबडचा काटा, एरवी कांदा तोलणारा.
ट्रकची चाकं बाहेर, ट्रेलर तेवढा पाट्यावर.
"माल काय लिहू?" काटेवाले गायधनी.
ठोकळे लिहा.
सहासष्ट हजार एकशे चाळीस.

पावती निघेपर्यंत बोरस्ते
आणि वेल्डिंगची तीन पोरं
ठोकळ्यांवर चढून बसली,
मध्ये पेपर, पेपरावर चिवडा, कांदा फोडलेला.

सहासष्ट हजार तीनशे साठ.

दोनशे वीस.
उरलेले चाळीस किलो
मानेतून ट्रकनं घेतले असणार.

"ए, उतरा रे खाली," गायधनी ओरडले,
"वजन बिघडतंय."
बोरस्ते उठायला लागले, हातात मूठभर चिवडा.

म्हटलं, बसू देत.
अशीच काढा पावती.